सायकलचा मीटर आणि उतारावर जळणाऱ्या कॅलरी

साध्या सायकल मीटरचं ऐकायचं ठरवलं तर सिंहगड चढताना आपलं फारसं काही जळत नाही आणि खाली येताना मात्र चरबी धडाधड वितळते. विनोद नाही करत, पुढे हिशोबच मांडते. पण आधी मीटर म्हणजे कुठला ते सांगते, कारण आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये मीटर म्हटलं की सगळे जीपीएसवाल्या महागड्या मॉडेलांवर येतात, मॅप, हार्ट रेट, चढ, पॉवर, सगळं त्यात. मी बोलतेय ते पाचशे-हजार रुपयांच्या छोट्या डबीबद्दल, काळा-पांढरा स्क्रीन, एक नाहीतर दोन बटणं, आत नाण्यासारखा चपटा सेल. वजन कमी करायचं म्हणून मुलाची धूळ खात पडलेली सायकल पार्किंगमधून बाहेर काढणाऱ्या माझ्यासारख्या बायकांना तेवढी पुरते, फक्त त्यातलं काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं ते एकदा कळलं पाहिजे.

डबीला कळतं फार थोडं. पुढच्या चाकाच्या एका स्पोकवर मॅग्नेट, चिमट्यावर, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांपैकी एकीवर, सेन्सर, मॅग्नेट सेन्सरसमोरून गेला की आतला बारीक स्विच एकदा मिटतो, झाला चाकाचा एक फेरा. चाकाचा घेर आपण सुरुवातीलाच भरलेला असतो, फेरे गुणिले घेर म्हणजे अंतर आणि अंतर भागिले वेळ म्हणजे स्पीड, संपलं. समोर चढ आहे की उलटा वारा आहे, सीटवर पन्नास किलोची कॉलेजातली मुलगी बसलीय की माझ्यासारखी ऐंशीची बाई, याचा तिला पत्ता नसतो. सायकल उलटी करून हाताने चाक फिरवलं तरी ती इमानेइतबारे किलोमीटर मोजते, आमच्या चिरंजीवांनी पार्किंगमध्ये तसं फिरवून मला एकदा ताशी चाळीसचा स्पीड काढून दाखवलाय.

मग कॅलरी कुठून येतात? तर स्पीडवरूनच. कॅटआय कंपनीच्या काही साध्या मीटरांच्या माहितीपत्रकात तर हे सरळ छापलेलंय, ताशी १० किमीने गेलात तर तासाला ६७.३ कॅलरी, २० ने २४४.५ आणि ३० ने ६४१.६ (म्हणजे किलोकॅलरी, पण बोलताना कोण म्हणतं). त्यांनी निदान छापलंय तरी, बाकी स्वस्त डब्या नुसता आकडा दाखवतात आणि गप्प बसतात.

आता सिंहगड घ्या. पायथ्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत ढोबळ नऊ किलोमीटर आणि सहाशे मीटरचा चढ. मी, सायकल, पाण्याच्या बाटल्या, पंक्चरचं सामान सगळं मिळून शंभर किलो धरा, तर शंभर किलो सहाशे मीटर वर न्यायचे म्हणजे ५८८ किलोज्यूल काम झालं. शरीर काही शंभर टक्के कामाचं नसतं, खाल्लेल्यातली साधारण पाव ताकद पायडलपर्यंत पोचते आणि बाकीची उष्णता होऊन जाते. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८ किलोज्यूल, त्यामुळे तो पाव आणि हा चार एकमेकांना खातात आणि पायडलवर जितके किलोज्यूल तितक्याच साधारण कॅलरी असा सोपा हिशोब होतो. म्हणजे नुसत्या चढाच्याच जवळपास सहाशे, त्यात रस्त्याचं घर्षण वगैरे अजून धरलेलंच नाही. मी चढते ताशी सातच्या स्पीडने, कधी कधी त्याहून कमी, सव्वा तासाच्या वर लागतो आणि मधे एकदा झाडाखाली थांबते ते वेगळंच. वरच्या हिशोबाने मीटर याचे नव्वदसुद्धा देणार नाही! आणि खाली येताना, जिथे मी एकही पायडल मारत नाही, दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवून नुसती बसलेली असते, तिथे ताशी तीसच्या स्पीडने अठरा मिनिटांत १९० कॅलरी जमा. गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं की नाही हे अशा आकड्यावरून ठरवायला गेलात तर काय होईल बघा.

सपाट रस्त्यावर तरी बरोबर येतं का, तर तिथेही मजाच. व्यायामाच्या तक्त्यांमध्ये ताशी १६ ते १९ किमी सायकलिंगला ६.८ मेट धरतात, म्हणजे नुसतं बसून जळतं त्याच्या ६.८ पट, मेट गुणिले वजन गुणिले तास, म्हणजे ऐंशी किलोला तासाला ५४४. मीटर त्याच स्पीडला दोनशेच्या आसपास सांगतो. दोघांत दुपटीहून जास्त फरक. तक्त्याच्या आकड्यात तुम्ही नुसतं सोफ्यावर बसून जळल्या असत्या त्या तासाच्या ऐंशी कॅलरीसुद्धा धरलेल्या असतात, त्या काढल्या तरी मेळ बसत नाही. मी आपली मधली साडेतीनशे धरते आणि विषय मिटवते. कारण खरा दणका पुढेच आहे, एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, साडेतीनशेने भागा, बावीस तास. बावीस तास सायकल मारायची, त्यात जास्तीचं काहीही खायचं नाही, तेव्हा एक किलो. आठवड्यात पाच दिवस तासभर चालवली तर महिन्याला किलो, आणि एक वडापाव तीनशेच्या घरात, म्हणजे खडकवासल्याच्या चौपाटीवर कुणी आग्रह केला आणि नाही म्हणता आलं नाही की तो अख्खा तास गेला. हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा मला सायकल विकावीशी वाटली होती खरं सांगते, पण मग दुसऱ्या बाजूने बघितलं की बाबा महिन्याला किलो म्हणजे वर्षाला बारा, आणि त्यासाठी उपाशी राहायचं नाहीये, फक्त सायकल मारली म्हणून बक्षीस खायचं नाहीये.

म्हणून मी मीटरवर दोनच गोष्टी बघते. एक म्हणजे टीएम, चालवलेला वेळ. चाक थांबलं की दोन-चार सेकंदांत घड्याळ आपोआप थांबतं, म्हणजे सिग्नलला उभं राहिलेलं, ग्रुपमध्ये गप्पा मारलेलं, टपरीवर चहा घेतलेलं, काही धरत नाही. सकाळी दोन तास बाहेर होते असं घरी सांगावं आणि मीटर म्हणतो एक तास सात मिनिटं. इतकं खरं बोलणारं घरात दुसरं कुणी नाही. दुसरं ओडो, एकूण किलोमीटर, तो सेल बदलेपर्यंत शून्य होत नाही आणि त्याला मूड नसतो. टीएम मी रोज कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत लिहिते, दुधाच्या लिटरशेजारी. नवरा म्हणतो अ‍ॅप आहे ना त्यासाठी, असेल, पण भिंतीवरच्या रिकाम्या चौकटी स्वयंपाक करताना दिसत राहतात आणि जो काही परिणाम व्हायचा तो त्यानेच होतो.

अ‍ॅव्हरेज स्पीड बघायचा नाही. म्हणजे बघा, पण त्यावरून स्वतःला मार्क देऊ नका. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुरू झाला की पुण्यातून खडकवासल्याकडे जाताना तो तोंडावर येतो, हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने, त्यामुळे जीव काढूनही अ‍ॅव्हरेज चौदा दिसतो आणि येताना काहीच न करता बावीस. त्यात तो आकडा डोळ्यासमोर लुकलुकत असला की माणूस सिग्नल पिवळा असताना दामटतो, खड्ड्याला वळसा घालायचा सोडून वरून नेतो. आमच्या ग्रुपमधला एक जण राईडच्या शेवटी सोसायटीच्या आवारात चार गोल चकरा मारतो, कशाला तर अ‍ॅव्हरेज वीसच्या खाली जायला नको! वजन कमी करायचं असेल तर शेजारच्याशी दोन वाक्यं धड बोलता येतील एवढाच जोर लावून जास्त वेळ चालवलेली बरी, दुसऱ्या दिवशी पुन्हा निघावंसं वाटतं, धापा टाकत आल्यावर नाही वाटत.

थोडे जास्त पैसे असतील तर कॅडन्सवालं मॉडेल घ्या, त्यात क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांडीवर, अजून एक मॅग्नेट असतो आणि मिनिटाला पाय किती वेळा फिरतात ते दिसतं. माझ्या मते चाळिशीनंतरच्या गुडघ्यांना सगळ्यात कामाचा आकडा हाच. आपल्याकडे जड गिअर टाकून उभ्याने रेटायची सवय असते, लहानपणच्या बिनगिअरच्या सायकलींनी लावलेली, पाय मिनिटाला जेमतेम पन्नास वेळा फिरतात आणि सगळा भार गुडघ्यावर. हलका गिअर टाकून सत्तर-ऐंशीवर आणलं की सुरुवातीला उगाच हवेत पाय मारल्यासारखं वाटतं, मग जमतं.

घेर मात्र नीट भरा. डब्यासोबत तक्ता येतो, २६ बाय १.९५ ला २०५० मिलिमीटर, ७०० बाय २८ ला २१३६, ७०० बाय ३५ ला २१६८, २९ बाय २.१ ला २२८८, टायरच्या कडेला साईज लिहिलेला असतो तो वाचून घ्या. २६ च्या चाकाला २९ चा आकडा राहिला तर दर शंभर किलोमीटरला बाराएक फुकटचे मिळतात, दिसायला छान. तक्ता हरवला तर हवा नीट भरा, व्हॉल्व खाली आणून जमिनीवर खडूची खूण करा, सायकलवर बसून एक पूर्ण फेरा सरळ पुढे जा, व्हॉल्व परत खाली आला की दुसरी खूण, मधलं अंतर टेपने मोजा. बसूनच करा कारण वजनाने टायर दबतो. मॅग्नेट आणि सेन्सरमध्ये पाचएक मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, पार्किंगमध्ये कुणाच्या तरी सायकलचा धक्का लागून सेन्सर फिरतो आणि मग स्पीड शून्यावरच राहतो, आपल्याला वाटतं मीटर गेला. वायरलेसवाल्यांना अजून एक त्रास, स्वस्तातला चमकणारा एलईडी दिवा मीटरला खेटून लावला तर कधी कधी उभ्या सायकलला साठचा स्पीड दिसतो, दिवा थोडा लांब सरकवून बघा. वायरवाला स्वस्त आणि बिनभानगडीचा, फक्त वायर चिमट्याला घट्ट गुंडाळा.

वजनाच्या काट्यावर मी आठवड्यातून एकदाच उभी राहते, कारण पाणी आणि मिठामुळे रोज किलोभर इकडेतिकडे होतं आणि उगाच डोकं फिरतं. काट्याच्या आधी आमच्या टेलरला कळलं, दिवाळीच्या ब्लाउजचं माप घेताना म्हणाल्या, ताई जुनं माप नको, नवीन घेऊया. मीटरवर अजून कॅलरी दिसतातच, ते पान बंद करायची सोय माझ्या मॉडेलमध्ये नाही, मी बटण दोनदा दाबून पुढे जाते.

आणि हो, सेल बदलायच्या आधी ओडो आणि घेर दोन्ही कागदावर उतरवून घ्या. बऱ्याच मीटरांमध्ये सेल काढला की सगळं पुसलं जातं, काहींत जुना ओडो परत भरता येतो आणि काहींत येत नाही. सीआर २०३२ नावाचा सेल असतो, घड्याळवाल्याकडे मिळतो, बसवताना अधिकची खूण बाहेरच्या बाजूला.