दुखत नव्हतं, तर काढलं कशाला?

कवटीच्या हाडातलं टेंगूळ ऑपरेशन करून काढल्यापासून भिशीत, लग्नात, लिफ्टमध्ये, कुठेही हा प्रश्न येतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

सुरुवात हेल्मेटनं झाली. रोजचं हेल्मेट उजव्या कानाच्या वर टोचायला लागलं. आतला स्पंज बदलला, मग नवीन हेल्मेट आणलं. तेही टोचलं. एका रविवारी आई तेल लावत होती, तिचं बोट तिथंच थांबलं. "अगं, इथं टेंगूळ आहे की!" हाडासारखं टणक, जागचं न हलणारं, वरची कातडी अगदी नेहमीसारखी. दाबलं तरी दुखायचं नाही. हेल्मेटमुळेच टेंगूळ आलं, असं काही जण अजूनही ठामपणे सांगतात. मी वाद घालत नाही.

सीटी स्कॅन झाला. कवटी म्हणजे आतबाहेर दोन कडक पापुद्रे आणि मध्ये जाळीदार हाड. माझ्या त्या जागी जाळी बुजून हाड जाडजूड, पांढरंफटक झालं होतं. डॉक्टरांनी पेनच्या टोकानं आतली कड दाखवली. ती खडबडीत होती. फायब्रस डिस्प्लेझिया नावाच्या दुखण्यातही हाड असंच फुगतं, पण ते धुरकट काचेसारखं दिसतं आणि आतली कड बहुधा गुळगुळीत राहते. दुसरीकडचा कॅन्सर हाडात पसरला तरी कवटीत असा डाग दिसू शकतो, म्हणून मॅमोग्राफीही करायला लावली. टेंगूळ दाखवायला गेलेली बाई छातीची तपासणी करून घरी आली. ती निर्धोक निघाली, पण त्या आठवड्याबद्दल मी फारसं बोलत नाही.

एमआरआयनंतर संशयाला नाव मिळालं: हाडातला मेनिंजिओमा. हे नाव हार्वी कुशिंग या अमेरिकी सर्जननं १९२२ साली दिलं, मेंदूवरच्या आवरणातून उगवणाऱ्या गाठींना. मग ती हाडात कशी शिरली? जन्माच्या वेळी बाळाच्या कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात, तेव्हा आवरणाच्या काही पेशी सांध्यांत अडकत असाव्यात, असा एक तर्क आहे. दुसरा जुन्या फ्रॅक्चरचा. तो ऐकल्यापासून आई मी तिसरीत झोपाळ्यावरून पडले होते ते सगळ्यांना सांगते. एकूण मेनिंजिओमांत आवरणाच्या बाहेर वाढणारे दोन टक्क्यांच्याही आत, त्यातले बरेचसे हाडातले.

आता तुमचा प्रश्न. गाठ लहान असेल, वाढत नसेल, तर नुसतं लक्ष ठेवूनही चालतं. आम्हीही सहा महिने थांबलो. दुसऱ्या स्कॅनमध्ये ती वाढलेली दिसली, तीही आतल्या बाजूला. शिवाय हे हाडाचंच दुखणं की आणखी काही, हे स्कॅनवरून छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. ते हाडाचा तुकडा तपासल्यावरच कळणार होतं. आणि माझी जागा सोयीची होती. हीच गाठ डोळ्याच्या खोबणीच्या हाडात झाली तर डोळा पुढे येतो, नजर अधू होते आणि सगळी गाठ बहुधा काढताच येत नाही. उरलेल्या भागाला रेडिएशन द्यावं लागू शकतं.

गाठीभोवती चांगल्या हाडाची कड धरून तो गोल तुकडा काढला. आवरण जिथं चिकटलं होतं, तेवढं तेही कापून ठिगळ लावलं. मोकळ्या जागी बोन सिमेंट बसवलं. पूड आणि द्रव एकत्र करून कणकेसारखा गोळा करतात, थापून आकार देतात. घट्ट होताना ते चांगलंच तापतं, म्हणून वरून सलाइन ओतत राहतात. हे सर्जननी नंतर हातवारे करून सांगितलं. पुढे कितीतरी दिवस कणीक मळताना मला तेच दिसायचं.

रिपोर्ट मात्र लवकर येईना. हाड कापून काचेवर घेण्याआधी आम्लात ठेवून मऊ करावं लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मी रोज फोन करून लॅबवाल्यांना वैताग दिला. शेवटी आला: मेनिंजिओमा, ग्रेड १. म्हणजे सावकाश वाढणारा, पण परत उगवू शकणारा. म्हणून दर वर्षी एमआरआय.

विमानतळावर मशीन वाजतं का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. सिमेंट धरून ठेवायला टायटॅनियमचे चार बारीक स्क्रू आहेत. अजून तरी वाजलेलं नाही.