डोमेन, ब्लॉगर आणि ‘मॅडम, चोवीस तास थांबा’

‘ब्लॉगर’ या गूगलच्या फुकट ब्लॉगसेवेवरचा माझा पाककृतींचा ब्लॉग आता स्वतःच्या नावावर, म्हणजे स्वतःच्या डोमेनवर उघडतो. ब्लॉगरच्या बाजूचं काम चहा उकळेपर्यंत झालं असतं. बाकीचा वेळ कुठे गेला ते लिहिते आहे, कारण डोकं अजून पुरतं शांत झालेलं नाही.

ब्लॉग २००९ पासूनचा. सांबारवडी, पाटोडी रस्सा, गोळाभात, सगळं आमच्या नागपूरचं. घरगुती मसाल्याच्या पाकिटावर छापायला छोटा पत्ता हवा होता. ब्लॉगरच्या फुकट पत्त्यात ‘ब्लॉगस्पॉट’ असतं, आणि ते फोनवर सांगितलं की समोरून “ब्लॉग… काय म्हणून राहिले ताई?” हे ठरलेलं. आणखी एक कारण होतं. २०१२ च्या सुमारास गूगलने भारतातल्या वाचकांना ब्लॉगस्पॉट डॉट इनवर वळवायला सुरुवात केली, २०१८ मध्ये ते वळवणं थांबलं, आणि २०२० मध्ये ते डॉट इन नावच गूगलच्या हातून गेलं. लोकांनी जपून ठेवलेले डॉट इनचे कितीतरी दुवे त्यात मेले. म्हणून म्हटलं, नाव आपलं असलेलं बरं.

नाव आधीच घेतलेलं होतं. बर्डीवरच्या एका वेबसाइटवाल्याने वेबसाइटसकट मिळवून दिलं होतं. वेबसाइट काही झाली नाही, पण नावाचे पैसे मी दर वर्षी न चुकता भरत आले. डोमेन विकणाऱ्या कंपनीचा पासवर्डही माझ्याकडेच होता. हे तुम्हीही बघून घ्या. नाव तुमचं आणि चावी दुकानदाराकडे, असं फार ठिकाणी असतं.

ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये ‘कस्टम डोमेन’ असतं. तिथे नाव टाकायचं, ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ सकट. सेव्ह केलं की लाल अक्षरं येतात: हे नाव तुमचंच आहे याची खात्री पटत नाही. घाबरू नका, ती पहिल्या वेळी येणारच. खाली दोन सीनेम नोंदी (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या) देतात. पहिली सगळ्यांना सारखीच, ‘जीएचएस डॉट गूगल डॉट कॉम’कडे बोट दाखवणारी. दुसरी लांबलचक सांकेतिक अक्षरांची, फक्त तुमच्या ब्लॉगसाठी. या दोन्ही डोमेन कंपनीच्या डीएनएस पानावर, म्हणजे नाव कुठे उघडायचं ते ठरवणाऱ्या पानावर भरायच्या.

भरल्या. पुन्हा सेव्ह. पुन्हा लाल अक्षरं.

कंपनीच्या मदतकेंद्राला विचारलं. “मॅडम, चोवीस तास थांबा, अपडेट होईल.” थांबले. मग अठ्ठेचाळीस तास. मग ब्राउझर बदला, कॅशे साफ करा, मोबाइलवरून बघा. दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी मी पहिल्यापासून रामायण सांगायचं. एकाने तर सांगितलं, की आमच्याकडे नोंदी बरोबर दिसताहेत, तुम्ही ब्लॉगरला विचारा. बर्डीवाल्याला फोन केला तर तो म्हणे, “ताई, होऊन जाते नं, काहून टेन्शन घेता?” काहून घेते ते त्याला काय सांगू! पाकिटांचा छापखानावाला रोज विचारून राहिला होता, पत्ता फायनल आहे का म्हणून.

शेवटी मीच बसले. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत ‘एनएसलुकअप’ हा हुकूम देऊन माझ्या नावाचे नेमसर्व्हर (नावाच्या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर) विचारले, आणि उत्तर आलं ते भलत्याच कंपनीचं. वेबसाइटवाल्याने तेव्हा होस्टिंग (वेबसाइट ठेवायची जागा) दुसरीकडे घेतलं होतं आणि नेमसर्व्हर तिकडे वळवून ठेवले होते. म्हणजे जगात कोणीही माझं नाव विचारलं की प्रश्न त्या दुसऱ्या कंपनीकडे जात होता, आणि मी नोंदी भरत होते इकडे. घर सोडून गेलेल्या माणसाच्या जुन्या पत्त्यावर मनीऑर्डरी पाठवत राहावं, तसं चाललं होतं. चोवीस तास काय, चोवीस वर्षं थांबले असते तरी ब्लॉगरला त्या दिसल्या नसत्या. थांबणं खरंच लागतं, पण नोंद योग्य जागी पडल्यावर. जुनं उत्तर ठिकठिकाणच्या सर्व्हरांनी साठवून ठेवलेलं असतं, त्याची मुदत संपेपर्यंत. मदतकेंद्रातल्या एकालाही आधी नेमसर्व्हर बघावेसे वाटले नाहीत, याचा मला अजून राग आहे.

नेमसर्व्हर मूळ कंपनीचे केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लॉगरने नाव गपगुमान घेतलं. खरं सांगते, त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

नोंद भरताना नावाच्या रकान्यात नुसतं ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लिहा. पूर्ण पत्ता लिहिलात तर बहुतेक कंपन्यांचं पान पुढे डोमेन पुन्हा जोडतं आणि नाव दुहेरी होतं. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ न लावता येणाऱ्यांसाठी चार ए नोंदी (नाव थेट सर्व्हरच्या आकडी पत्त्याकडे नेणाऱ्या) लागतात: २१६.२३९.३२.२१, मग तसंच ३४.२१, ३६.२१ आणि ३८.२१. त्यानंतर ब्लॉगरमध्ये रिडायरेक्ट, म्हणजे त्यांना ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’च्या पत्त्यावर वळवणं, चालू करायचं. कुलपाच्या चिन्हासाठी एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) वेगळं चालू करावं लागतं आणि ते यायला थोडा वेळ लागतो. स्वतःच्या डोमेनवर ही सोय २०१८ पासून आहे. जुने ब्लॉगस्पॉटचे दुवे आपोआप नव्या पत्त्यावर वळतात, त्याची काळजी नको.

गंमत म्हणजे, १९९९ मध्ये इव्हान विल्यम्स आणि मेग हुरिहान यांच्या पायरा लॅब्जने ब्लॉगर आणलं तेव्हा उलटी तऱ्हा होती. त्यांचं मूळ काम प्रकल्प सांभाळायच्या सॉफ्टवेअरचं, हे जोडकाम होतं. तुम्ही लिहायचं आणि ब्लॉगर ती पानं एफटीपीने (फाइली पाठवायची एक पद्धत) तुमच्याच सर्व्हरवर टाकायचं. २००१ मध्ये पैसे संपून माणसं गेली, विल्यम्सने एकट्याने ते तगवलं, आणि २००३ मध्ये गूगलने विकत घेतलं. एफटीपी २०१० मध्ये बंद झालं. आता पानं त्यांच्याकडे, नाव तेवढं आपलं. फुकटात याहून जास्त मागू नये, असं माझं मत. वर्डप्रेसवाले हसतील, हसू देत.

मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगर दुव्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडा टाकतं. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये (लेखाच्या कायमच्या दुव्यात) रोमन अक्षरांत पदार्थाचं नाव लिहीत जा. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी लेखांचा बॅकअप उतरवून ठेवा. थीमचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो, लेखांबरोबर येत नाही.

हो, आणि त्या डोमेनवर तुमचा ईमेल चालत असेल तर नेमसर्व्हर बदलण्याआधी जुन्या जागच्या एमएक्स नोंदी (मेल कुठे पोचवायचे ते सांगणाऱ्या) उतरवून घ्या आणि नव्या जागी भरा, नाहीतर ब्लॉग सुरू होईल आणि मेल बंद पडतील.