तुम्ही विचारलंत म्हणून: ट्राउट, आणि तेही जानेवारीत?

"उन्हाळ्यात ठीक आहे गं, पण जानेवारीत नदीत उभं राहायचं म्हणजे काय?" अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला संक्रांतीच्या हळदीकुंकवात हा प्रश्न मला हमखास येतो. तिळगूळ हातात असतो, बाहेर उणे दहा असतं आणि कुणीतरी नवीन ओळखीची बाई डोळे मोठे करून विचारते. भारतातून फोन आला की तोच प्रश्न काळजीच्या सुरात येतो. नवरा विचारत नाही. मी निघते तेव्हा तो झोपलेला असतो.

तर एकदा नीट सांगते. ट्राउट नावाचे मासे पकडायला मी थंडीत जाते, कारण थंडीत नदी सोपी होते.

इथे रॉकी पर्वतातल्या नद्यांना मे-जूनमध्ये वितळलेल्या बर्फाचं पाणी येतं. नदी फुगते, गढूळ होते, पात्रात पाय ठेवायची सोय राहत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी निवळतं, पण तेव्हा पाण्यावर दहा तऱ्हेचे किडे उडत असतात, मासे कुठेही असतात आणि काठावर जत्रा असते. जानेवारीत पाणी कमी असतं आणि तळाचा खडा न् खडा दिसतो. मासे मोजक्याच जागी बसलेले असतात आणि त्यांना खायलाही जवळजवळ एकच पदार्थ उरलेला असतो. नवशिकीला एवढी सवलत दुसऱ्या कुठल्या ऋतूत मिळत नाही. मी फ्लाय फिशिंग, म्हणजे किड्याची नक्कल गळावर बांधून करायची मासेमारी, शिकले ते थंडीतच, आणि कुणाला शिकायचं असेल तर मी अजूनही थंडीतच या म्हणते. लोक येत नाहीत, ते सोडा.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: नदी गोठत नाही का?

बऱ्याच गोठतात. मी जाते ती गोठत नाही, आणि त्याचं कारण धरण आहे. पाणी सर्वांत जड असतं ते 4 अंश सेल्सिअसला, हे आपण शाळेत शिकलो आणि विसरलो. थंडीत जलाशयावर बर्फाचा थर धरतो, त्याखालचं पाणी शून्याच्या आसपास असतं आणि सगळ्यांत तळाला हे 4 अंशांचं जड पाणी बसून राहतं. धरणाचे दरवाजे तळाशी असले की नदीत सुटतं ते हेच. हवा उणे पंधरा असो, धरणाच्या पायथ्याशी नदी वाहत राहते आणि तिच्यातून वाफ निघते. अशा धरणाखालच्या पट्ट्याला इथे टेलवॉटर म्हणतात. हीच युक्ती उन्हाळ्यातही चालते: वर ऊन तापलेलं असलं तरी तळाचं पाणी गारच येतं. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की ट्राउटचा जीव कासावीस होतो, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ही बारमाही सोय आहे.

माझी नदी म्हणजे साऊथ प्लॅट, आणि धरण चीझमन. डेन्व्हरला पाणी पुरवण्यासाठी बांधलेलं, ग्रॅनाइटचे चिरे रचून 1905 मध्ये पूर्ण झालेलं. 221 फूट उंच. तेव्हा ते जगातलं सर्वांत उंच धरण होतं. त्याच्याखाली चीझमन कॅन्यन नावाची अरुंद घळ आहे. गुलाबी झाक असलेले घराएवढे धोंडे, मधून नदी, आणि कडेने जाणारी गिल ट्रेल नावाची पायवाट. थंडीत तिच्या सावलीतल्या भागावर बर्फाची काच होते. बुटांना खिळ्यांच्या साखळ्या बांधल्याशिवाय तिथे जाऊ नये.

आदल्या रात्री मी फोनवर धरणाचा विसर्ग बघते. आपल्याकडे पावसाळ्यात 'खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक विसर्ग' अशी बातमी येते ना, तोच क्युसेक. फक्त इथे थंडीत आकडा हजारांत नसतो. शंभर क्युसेक असले तरी मी खूष. चाळीस-पन्नास असले तर मासे फार बिचकतात, सावली पडली तरी पळतात. मग मी गुपचूप घरीच पोहे करते.

आता मासे. ट्राउटचं रक्त थंड, म्हणजे पाणी गार झालं की त्यांच्या शरीराचा सगळा कारभार मंदावतो. ज्या जागी उभं राहायला जास्त ताकद लागते ती जागा ते सोडतात. खळाळ सोडून डोहात येतात, आणि डोहातही जिथे वेगाचं पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातं त्या रेघेच्या आतल्या बाजूला, तळाशी. वेगाचं पाणी खाणं आणतं, संथ पाण्यात उभं राहायला कष्ट नाहीत. ही रेघ एकदा डोळ्याला सापडली की थंडीतली निम्मी नदी सोडून देता येते.

पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चकाकी घालवणारा, चष्मा लावून धोंड्यावर बसले की मला आधी मासा दिसत नाही, त्याची सावली दिसते. तळाच्या वाळूवर एक गडद पट्टा, जो जागचा हलत नाही आणि तरी किंचित डुलतो. मग त्याच्यावर मासा दिसतो. तो डावीकडे चार बोटं सरकतो, तोंड उघडतं, आतला पांढरा रंग क्षणभर चमकतो, तोंड मिटतं आणि तो परत आपल्या जागी येतो. त्याने काहीतरी खाल्लं, पण काय ते मला दिसणं शक्य नाही. आणि चार बोटांच्या पलीकडे तो जात नाही. त्याच्यापासून हातभर लांबून मेजवानी वाहत गेली तरी ती त्याच्या लेखी नाहीच. इतक्या गार पाण्यात हातभर जाऊन येण्याचा खर्च त्याला परवडत नाही.

तो खातो ती चिलटं. म्हणजे चिलटांच्या अळ्या आणि कोष. बाकीचे किडे थंडीत दिसेनासे होतात, ही मात्र बारा महिने तळाच्या गाळात वाढत राहतात. काठाजवळचा एखादा दगड उलटा करून बघितला तर त्यावर नखाएवढ्या जागेत दोन-तीन बारीक अळ्या वळवळताना सापडतात. काही तांबड्या असतात. त्यांच्यात आपल्या रक्तातल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, कमी प्राणवायूच्या गाळात जगायला ते उपयोगी पडतं. दुपारी ऊन आलं की कोष तळातून वर यायला लागतात, आणि मासेही थोडे वर सरकतात. म्हणून थंडीतला दिवस सकाळी दहा ते दुपारी तीन एवढाच. पहाटे चारला उठायची भानगड नाही. याबद्दल थंडीचे खरं तर जाहीर आभार मानायला हवेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फ्लाय फिशिंगमध्ये गळाला आमिष नसतं. दोरा, बारीक तार, पिसाचे तंतू गळावर गुंडाळून किड्याची नक्कल बांधतात, ती फ्लाय. थंडीत ही नक्कल तांदळाच्या कणीएवढी होते. गळांचे नंबर उलटे चालतात, आकडा मोठा तेवढा गळ छोटा, आणि आपण 22, 24 नंबरांत वावरत असतो. पुढचा धागाही तसाच. 6 एक्स नंबरचा धागा म्हणजे किती जाड, हे काढायचा सोपा हिशेब आहे: अकरातून सहा वजा करा, उरले पाच, म्हणजे एका इंचाच्या हजार भागांपैकी पाच भाग. असा धागा गळाच्या डोळ्यात ओवायचा, तोही बधिर बोटांनी. चाळिशीचा चष्मा लागल्यापासून मी फ्लाय घरीच धाग्याला बांधून डबीत नेते. नदीवर फक्त मोठी गाठ मारायची.

माझ्या डबीत सगळ्यांत जास्त असते ती आरएस-टू नावाची फ्लाय. डेन्व्हरच्या रिम चंग या कोरियन वंशाच्या मासेमाराने ती 1970 च्या दशकात याच साऊथ प्लॅटसाठी बांधली. करड्या रंगाचं बारीक अंग, मागे दोन तंतू, पाठीवर पिसाचा जरासा फुगवटा. बास. बघणाऱ्याला वाटतं पुढचं बांधायचं राहिलं. पण बाहेरून आलेल्या एका माणसाने इथल्या पाण्याकडे इतकं नीट बघितलं की आज या भागात ती नसलेली डबी सापडणं कठीण, ही गोष्ट मला आवडते. का आवडते ते हळदीकुंकवाला जमलेल्यांना वेगळं सांगायला नको.

फ्लाय चांगली असून भागत नाही. ती पाण्याच्याच वेगाने वाहत गेली पाहिजे. आपला दोर मात्र पृष्ठभागावरच्या वेगवान पाण्यात पडलेला असतो, तो तिला ओढतो, आणि ओढलेली फ्लाय बघून मासा तोंडही उघडत नाही. म्हणून दोर सारखा उचलून वरच्या अंगाला टाकत राहायचं. सूचक म्हणून दोराला लोकरीचा छोटा झुबका लावलेला असतो. थंडीत मासा लागल्यावर हा झुबका बुडत नाही, वाहता वाहता नुसता थबकतो. तेवढ्यात मासेमारीची काठी उचलायची. पुष्कळदा तळाचा दगड निघतो.

थंडीचा खरा त्रास काठीच्या कड्यांचा. ओला दोर आत-बाहेर करताना प्रत्येक कडीत पाणी राहतं, गोठतं, आणि थोड्या वेळाने दोर जागचा हलत नाही. बोटाने बर्फ मोडायला गेलं तर काठीचं टोक मोडू शकतं. काठी पाण्यात बुडवायची, 4 अंशांचं पाणी बर्फ सोडवतं. कुणी कड्यांना ओठांचं मलम लावतात. मीही लावते, अर्धा तास टिकतं.

आणि धरणापासून खाली खाली जावं तशी ही ऊब संपत जाते. कडाक्याच्या रात्री तिथे पाणी शून्याच्याही किंचित खाली जातं, त्यात बर्फाचे कण तयार होतात आणि तळाच्या दगडांना चिकटून बसतात. सकाळी ऊन लागलं की तो तळाचा बर्फ सुटून वर येतो आणि नदीभर लगदा वाहायला लागतो. तेव्हा चहा प्यायचा, इलाज नाही. काठाला धरलेल्या बर्फाच्या फळीवर मात्र पाय ठेवायचा नाही, मासा कितीही मोठा दिसो. खालून पाण्याने ती पोखरलेली असते.

धरणाचं एवढं गुणगान केलं म्हणून गैरसमज नको. ही नदी नैसर्गिक नाही, हे मला माहीत आहे. इथले ब्राऊन ट्राउट मूळचे युरोपचे, 1883 मध्ये जर्मनीहून त्यांची अंडी अमेरिकेत आली. रेनबो पॅसिफिक किनाऱ्याकडचे. कोलोरॅडोचा स्वतःचा कटथ्रोट ट्राउट उंचावरच्या काही ओढ्यांत तग धरून आहे. आणि एका धरणाने दिलेली नदी दुसरं धरण घेऊनही गेलं असतं: टू फोर्क्स नावाच्या प्रचंड धरणाचा बेत होता, त्यात डेकर्स गावासकट खालचं खोरं बुडालं असतं. केंद्राच्या पर्यावरण संस्थेने 1990 मध्ये त्याला नकार दिला. नंतर 2002 मध्ये हेमन वणव्यात चीझमन जलाशयाभोवतीचं जंगल जळलं, आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक मोठ्या पावसात उतारावरची रेती नदीत येत राहिली. जळके बुंधे अजून दिसतात. तेव्हा माझं म्हणणं एवढंच: ही माणसाने घडवलेली नदी आहे, मग तिची देखभालही माणसाच्याच गळ्यात.

"पकडून सोडून का देतेस" हा प्रश्न मुख्यतः आमच्या मालवणकडून येतो, आणि मावशीच्या आवाजात त्यात खरी व्यथा असते. कॅन्यनमध्ये ट्राउट सोडलाच पाहिजे असा नियम आहे, विषय संपला. उणे तापमानात तर त्याला पाण्याबाहेर काढायचाच नाही, कल्ल्यांची नाजूक कातडी गोठू शकते. टोकाला उलटा काटा नसलेला गळ वापरायचा, हात ओले करायचे, पाण्यातच सोडवायचा. फोटो नाही निघाला तर नाही निघाला. थंडीत आणखी एक पथ्य आहे. ब्राऊन ट्राउट शरदात अंडी घालतात आणि ती हिवाळाभर वाळूखड्यांत असतात. तळावर स्वच्छ, फिकट, ताटाएवढी किंवा मोठी खोलगट जागा दिसली की वळसा घालायचा. त्यावर पाय देणाऱ्याला मी ओरडते, ओळख असो-नसो.

भारतातून विचारणाऱ्यांना: ट्राउट आपल्याकडेही आहेत, हिमाचलात आहेत, काश्मिरात आहेत. पण हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, प्रजननाचा काळ म्हणून. तेव्हा थंडीतला हा उद्योग तिथे करू नका. मार्चनंतर तिथल्या तीर्थन नदीवर जा.

आणि इथे राहणाऱ्यांपैकी कुणाला यायचंच असेल, तर काठी, फ्लाय, चष्मा माझ्याकडे जादा आहे. लायसन्स तुमचं तुम्ही काढा. सुती काही घालू नका, मोजे लोकरीचे घाला आणि एकच जोडी. दोन जोड्या कोंबल्या की बूट घट्ट होतो, रक्त फिरत नाही आणि पाय आधी गार पडतात. भाड्याने बूट घेताना एक नंबर मोठा मागा. डबा मी आणते.