उतारावरचे कसब

नेरळ–माथेरान गाडीचा विषय निघाला की लिहिणाऱ्याची लेखणी हमखास वाफेच्या इंजिनाकडे वळते. त्याला कारणही आहे. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीतून उभा राहिलेला हा मार्ग 1907 मध्ये सुरू झाला, तेव्हा तो ओरेनश्टाइन उंड कोप्पेल या जर्मन कारखान्याच्या चार इंजिनांच्या बळावरच चालत होता. मात्र 1982 मध्ये तिथली वाफेची सद्दी संपली आणि त्याच्याही बरीच वर्षे आधी, 1950 च्या दशकात, युंग या दुसऱ्या जर्मन कारखान्याची डिझेल इंजिने घाट चढू लागली होती. काम त्यांनी केले. कौतुक आधीच्या वाफेच्या इंजिनांच्या वाट्याला राहिले.

काम कसले आहे, हे आकड्यांवरून कळते. मुंबई–पुणे मार्गावर बोरघाटाचा चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, असा आहे आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. माथेरानच्या वाटेवर, जेमतेम दोन फुटांच्या रुळांवर, काही ठिकाणी तो वीसास एक होतो आणि वळणे इतकी अरुंद की पहिल्या डब्यातल्या माणसाला शेवटचा डबा समोरून येताना दिसावा. सुमारे 21 किलोमीटरच्या या प्रवासाला दोन तासांहून अधिक वेळ लागतो तो यामुळेच. वाटेत वॉटर पाइप नावाचे स्थानक येते. वाफेची इंजिने तिथे पाणी भरून घेत. डिझेलला रेडिएटरपुरते सोडले तर पाण्याचे काम नाही.

चढताना इंजिन घुरघुरते, धूर ओकते, त्यामुळे त्याचे कष्ट सर्वांना दिसतात. माझ्या मते खरे कसब उतरताना लागते. गाडीचे सारे वजन मागून रेटत असते आणि चालकाला ब्रेक इतक्या बेताने लावावा लागतो की चाके रुळांवर घसरू नयेत आणि वेगही हाताबाहेर जाऊ नये. चाक एकदा जाम होऊन घसरू लागले की ब्रेक आणखी दाबून उपयोग नसतो. आधी तो सैल करून चाक पुन्हा फिरते करावे लागते, आणि नेमके तेच करायला उतारावर हात धजावत नाही. पूर्वी डब्यांवर बसलेले ब्रेकमन इंजिनाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर हातब्रेक आवळत. 2016 मध्ये डबे घसरण्याच्या घटनांनंतर गाडी बंद ठेवावी लागली आणि पुढे डब्यांना एअर ब्रेक आले. ते आधीच यायला हवे होते, असे वाटते खरे.

पावसाळ्यात घाटातला मार्ग बंद असतो आणि दरडी व वाहून जाणारी खडी यांची धास्ती सरत नाही. 2005 आणि 2019 च्या पावसाने तर रूळच उखडले. एरवी पावसाळ्यातही अमन लॉज, म्हणजे मोटारी जिथवर येतात त्या जागेजवळचे स्थानक, ते माथेरान ही छोटी शटल शक्य तेव्हा चालू राहते. गावात मोटारींना बंदी असल्याने ती केवळ पर्यटकांच्या हौसेची गाडी राहत नाही.

अलीकडे यातल्या एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा साज चढवण्यात आला. पर्यटक खूश होत असतील तर माझी हरकत नाही. त्या खोट्या धुराड्याखालचे ब्रेकचे ठोकळे वेळच्या वेळी बदलले जावेत, एवढेच.