शिफ्ट सोडायचं नाही

माइनक्राफ्ट गेममधे माझं पहिलं मोठं घर बांधलं तेव्हा पुढची भिंत १५ ब्लॉकची आणि मागची १६ ची झाली, आणि हे कळलं कधी तर छप्पर चढवताना, पुढून मधोमध जुळलेलं छप्पर मागे गेल्यावर जुळेचना. अर्धं घर पाडलं. तेव्हापासून नजरेने मोजणं बंद, सगळं कीबोर्डवर.

आधी एफ३, ही की दाबली की जागेचे आकडे स्क्रीनवर येतात. (मी जावा एडिशनबद्दल, म्हणजे गेमच्या कॉम्प्युटरवरच्या एका आवृत्तीबद्दल बोलतेय, आणि बऱ्याच लॅपटॉपवर सोबत एफएन पण दाबावं लागतं.) आकडे बघून घाबरू नका, आपल्याला तीनच हवेत, एक्स म्हणजे पूर्व-पश्चिम, झेड उत्तर-दक्षिण आणि वाय उंची. ज्या ब्लॉकवर क्रॉसहेअर (स्क्रीनच्या मधली अधिकची खूण) आहे त्याचेही आकडे उजवीकडे दिसतात, कोपरा ठरवताना तेच बघायचे, आपण कुठे उभे आहोत ते नाही. पहिला कोपरा एक्स १०० वर असेल तर १५ ची भिंत ११४ ला संपते, ११५ ला नाही, कारण पहिला ब्लॉकही मोजायचा असतो, माझी चूक नेमकी इथेच झालेली. आणि दार बरोब्बर १०७ वर. रुंदी विषम ठेवली की मधला ब्लॉक मिळतो, सम असेल तर मधे दोन येतात, मग दारही दोन ब्लॉकचं करा.

आता शिफ्ट. शिफ्ट धरून मागे मागे चालत गेलं की कडेच्या बाहेर डोकावता येतं पण पडत नाही, मग खाली बघून ज्या ब्लॉकवर उभे आहोत त्याच्या बाजूवर राइट क्लिक, नवा ब्लॉक लागला की अजून एक पाऊल मागे, असं करत कितीही लांब पूल नेता येतो, फक्त घाईत बोट उचलायचं नाही. चेस्टला (सामान ठेवायच्या पेटीला) टेकवून ब्लॉक लावायचा असेल तरी शिफ्टच, नाहीतर चेस्ट उघडते. पण क्रिएटिव्हमधे (ज्या मोडमधे उडता येतं) उडत असाल तर शिफ्टने सरळ खाली याल, तेव्हा आधी जमिनीवर उतरा.

स्लॅब, म्हणजे अर्ध्या उंचीचा ब्लॉक, लावताना बाजूच्या ब्लॉकच्या वरच्या अर्ध्यावर क्लिक केलं तर स्लॅब वर बसतो, खालच्या अर्ध्यावर केलं तर खाली. पायऱ्यांचंही तेच, वरच्या अर्ध्यावर क्लिक केलं की उलट्या लागतात, छज्जा करायला मला त्याच लागतात.

माउसचं मधलं बटण दाबलं की समोरचा ब्लॉक हातात येतो, इन्व्हेंटरीत (आपल्या सामानात) शोधाशोध नाही. ट्रॅकपॅडवाल्यांनी कंट्रोल्समधे जाऊन पिक ब्लॉक आर वर लावून घ्या, खरंच खूप फरक पडतो.

आणि शिफ्ट धरून करंगळी दुखली तर स्नीक (शिफ्टचं हेच काम) टॉगलवर करता येतं, म्हणजे एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. मी फक्त लांब पुलासाठी करते, एरवी होल्डच, म्हणजे धरून ठेवायचं, बोट दाबलेलं असलं की आपण सेफ आहोत हे न बघता कळतं.