मागचा बोल्ट

इंजिन माउंट म्हणजे इंजिनाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा रबरी आधार. त्याचे वरचे बोल्ट सज्जन असतात. समोर दिसतात, हाताशी येतात, पाना सरळ बसतो. एखादा मात्र ब्रॅकेटच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि गाडीचा आतला भाग यांमधला पत्रा) बेचक्यात दडून बसलेला असतो आणि निम्मा वेळ तोच खातो. काढताना तो छळतोच, पण खरी कसोटी बसवताना. काढताना चूक झाली तर बहुधा जुना बोल्टच वाया जातो. बसवताना तिरका चढला तर ब्रॅकेटचे आटे जातात, आणि ब्रॅकेट बऱ्याचदा ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा. या भांडणात कोण हरणार हे सांगायला नको.

बोल्ट लागेना की लोक पाने बदलत बसतात. दोष बहुतेक वेळा भोकांचा असतो. ती समोरासमोर आलेलीच नसतात. इंजिन जॅकवर तोललेलं असतं (ऑइल पॅन आणि जॅक यांच्यामध्ये रुंद लाकडी ठोकळा हवाच, नाहीतर पॅन चेपतं). जॅक अगदी केसभर वर-खाली करायचा, टॉमीने (लोखंडी दांडीने) हलका रेटा द्यायचा आणि भोकात पातळ सळई घालून अंदाज घ्यायचा. बोट कधीच घालू नये. इंजिन जरा सरकलं तरी ते कात्रीत सापडतं.

आता तो अवघड बोल्ट, आणि तोच सर्वांत आधी. बाकीचे लागल्यावर माउंट हलवायला जागा उरत नाही. सॉकेटमध्ये (बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या वाटीत) थोडं ग्रीस किंवा कागदी टेपचा तुकडा घातला की बोल्टचं डोकं घट्ट बसतं आणि लांब एक्स्टेन्शनच्या (सॉकेटला जोडायच्या दांडीच्या) टोकावरून तो गळून पडत नाही. यूनिव्हर्सल जॉइंट (हवा तिकडे वाकणारा सांधा) लावला असेल तर तो ऐन वेळी मान टाकतो. त्याच्याभोवती टेपचे दोन वेढे दिले की ताठ राहतो, तरी हवा तेवढा वाकतो. मग बोल्ट आधी उलटा फिरवायचा. आट्याचं तोंड तोंडाला आलं की बोटांना बारीकसा 'टक्' जाणवतो. तिथून सुलटा, तोही रॅचेट (एकाच दिशेने पकडणारा सॉकेटचा दांडा) न लावता, एक्स्टेन्शन नुसत्या बोटांनी फिरवत, निदान तीन-चार फेरे. मध्येच जड गेला तर जोर लावायचा नाही, काढून पुन्हा लावायचा. चांगल्या मेकॅनिकची घाई नेमकी इथे थांबलेली दिसते.

सगळे बोल्ट हाताने लागले की जॅक सोडून इंजिनचं वजन माउंटवर येऊ द्यायचं आणि मगच आवळायचं. आधीच आवळलं तर रबर पिळलेलंच अडकतं आणि नवा माउंट असूनही गाडी उभ्या-उभ्या थरथरते. अरुंद जागेत ७२ दातांचं रॅचेट कामाला येतं. ५ अंश हललं तरी पुढचा दात पकडतं. टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलप्रमाणे, टॉर्क रेंचने. सरळ एक्स्टेन्शनने आकडा बदलत नाही, पण क्रो-फूट (बाजूने बसणारं उघड्या तोंडाचं पान्याचं टोक) रेंचच्या दांड्याच्या रेषेत पुढे लावला तर दांडा लांबतो आणि बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो. तो दांड्याशी ९० अंशांत लावावा.