पट्टी लावण्याआधी बाहुली बघा

आज एमआरआयचा रिपोर्ट आला. शंका होती तेच निघालं. डाव्या डोळ्याच्या दृष्टिचेतेवर, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ, ऑप्टिक ग्लायोमा.

पोरगी पाच वर्षांची. ‘आळशी डोळा’ (डोळा वरवर ठीक, पण नजर कमी) म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली होती. आईने महिनोन्महिने नेटाने लावली, नजर काही सुधारली नाही. त्यात डोळा जरासा पुढे आल्यासारखा दिसायला लागला, म्हणून माझ्याकडे आली.

टॉर्च उजव्या डोळ्यावर धरला की दोन्ही बाहुल्या आकसायच्या. तोच झटकन डाव्यावर नेला की आकसलेल्या बाहुल्या उलट मोठ्या व्हायच्या. नस प्रकाशाचा निरोप नीट पोचवत नव्हती. आळशी डोळ्यात बाहुली सहसा इतकी बिघडत नाही. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी, आणि तीच राहून जाते, याचा मला फार त्रास होतो. मग थेंबांच्या बाटलीचं लाल बूच आधी एका, मग दुसऱ्या डोळ्यासमोर धरलं. डाव्या डोळ्याने बघून म्हणाली, “हे धुतलेलं लाल आहे.” पडदा तपासला तर नसेचं टोक फिकट पडलेलं.

फ्रॉक वर करून पाठ बघितली. दुधाच्या चहाच्या रंगाचे डाग, सहापेक्षा जास्त, बहुतेक 5 मिलिमीटरहून मोठे. काखेत बारीक ठिपके. आजी म्हणाल्या, “जन्मखुणा आहेत हो, तिच्या बाबांनाही आहेत.” न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप 1, आई-वडिलांकडून येऊ शकणारा जनुकीय आजार. साधारण 3000 जणांत एकाला असतो, आणि त्यातल्या 15 ते 20 टक्के मुलांना ही गाठ होते. पुष्कळांची नजर त्या गाठीने कधीच जात नाही.

स्कॅनमध्ये नस मधे फुगलेली आणि वाकलेली दिसते. दोन्ही नसा जिथे एकत्र येतात तो भाग मोकळा आहे, हे वाचून जिवात जीव आला. गाठीचा तुकडा काढून तपासायची गरज नाही. त्यात उरलीसुरली नजरही जायची.

“कॅन्सर आहे का हो?” आईने विचारलं. ग्रेड 1 ची, म्हणजे सगळ्यात सौम्य दर्जाची, सावकाश वाढणारी गाठ आहे, कधीकधी वर्षानुवर्षं तेवढीच राहते, असं सांगितलं. नजर उतरत असेल तर कार्बोप्लॅटिन-व्हिनक्रिस्टिन या औषधांची केमो. रेडिएशन शक्यतो नाहीच, या मुलांत त्याने पुढे दुसऱ्या गाठी होऊ शकतात. मुलांच्या कॅन्सरतज्ज्ञांना फोन केला, सोमवारी बघतो म्हणाले.

वडिलांना तपासायला बोलावलंय. धाकट्या भावालाही घेऊन या म्हटलं.